छंदासाठी लेसर पॉवर मीटर: कोणता घ्यावा, आणि त्याच्या आकड्यावर किती विसंबावं?

तिरीप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

तीन वर्षांपासून लेसरचा नाद लागलाय. सध्या घरात तीन लेसर आहेत. एक ५३२ नॅनोमीटरचा हिरवा पॉइंटर, लेबलवर "५ मिलीवॅटपेक्षा कमी" असं छापलेलं. दुसरं ६३८ नॅनोमीटरचं लाल मॉड्यूल, त्याचा ड्रायव्हर मीच जुळवलाय. तिसरं कोरीवकामाच्या मशीनचं निळं हेड, साधारण ४५० नॅनोमीटर, खोक्यावर ठळक अक्षरात ४० वॅट.

परवा एका मित्राकडून फोटोडायोडवाला छोटा मीटर आणला. हिरवा पॉइंटर लावला तर आकडा ६१ मिलीवॅट! मीटर ५३२ वरच सेट होता, तीनतीनदा बघितलं. म्हणजे लेबलच्या बारापट. हा पॉइंटर मी आत्तापर्यंत बिनधास्त हातात घेऊन फिरायचो, त्यामुळे त्या रात्री नीट झोप लागली नाही.

आता स्वतःचा मीटर घ्यायचं ठरवलंय. प्रश्न असा की फोटोडायोड घ्यावा की थर्मोपाइल? तिन्ही लेसरना चालेल असा एकच मीटर मिळतो का? आणि त्या ६१ वर विश्वास ठेवू का?

कवडसा

चांगला विषय काढलात. मीटर निवडताना बहुतेक जण "किती वॅटपर्यंत मोजतो" इथून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. आधी बघायचं ते हे, की सेन्सर मोजतो काय.

सिलिकॉन फोटोडायोड ऊर्जा मोजत नाही, फोटॉन मोजतो. आत आलेल्या फोटॉनमागे जास्तीत जास्त एक इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याचा करंट आपण वाचतो. एकाच पॉवरच्या निळ्या झोतात फोटॉन कमी असतात, लाल झोतात जास्त. त्यामुळे एक वॅट प्रकाशामागे किती अँपिअर मिळतात हे तरंगलांबीवर ठरतं. आदर्श डायोडसाठी हिशोब सोपा आहे: नॅनोमीटरमधली तरंगलांबी भागिले १२४०. ५३२ ला ०.४३ येतं, ८०८ ला ०.६५. खरे डायोड याच्या खालीच राहतात. निळ्या-जांभळ्याकडे तर बरेच खाली, आणि १०६४ पाशी सिलिकॉन पारदर्शक व्हायला लागतो म्हणून तिथे पुन्हा घसरण. ११०० च्या पुढे सगळंच संपतं.

म्हणून अशा मीटरला तरंगलांबी सांगावी लागते. मीटर ६५० वर ठेवून ४०५ चा लेसर मोजलात तर खऱ्याच्या निम्म्याच्या आसपास आकडा येईल, आणि मीटर काही कुरकुर करणार नाही.

थर्मोपाइलचं काम वेगळं. काळ्या लेपावर प्रकाश पडतो, त्याची उष्णता होते, ती चकतीच्या मध्यापासून कडेकडे वाहते, आणि त्या तापमानफरकावर थर्मोकपल व्होल्टेज देतात. १८२१ मध्ये झेबेकने दाखवून दिलेलाच परिणाम. लेपाने प्रकाश गिळला की झालं, रंग कोणता याचं त्याला फारसं सोयरसुतक नाही. बदल्यात तो संथ असतो (आकडा स्थिरावायला काही सेकंद लागतात), आणि कमी पॉवरला शून्य सरकत राहतं. हाताची ऊब, पंख्याचा वारा, सगळं त्याला जाणवतं.

तुमच्याकडे तीन रंग आणि पाच मिलीवॅटपासून काही वॅटपर्यंतचा पल्ला. माझं मत सरळ थर्मल सेन्सरकडे. पण एकच हेड (मीटरचा सेन्सर बसवलेला भाग) सगळ्याला पुरणार नाही. दहा वॅट सोसणाऱ्या हेडवर पाच मिलीवॅट गोंगाटात बुडतील.

वीजगाठ

त्या ४० वॅटबद्दल आधी सांगतो, नाहीतर मीटरचं भलत्याच पल्ल्याचं हेड घ्याल. कोरीवकामाच्या लेसर-हेडांवर पुष्कळदा आत जाणारी विजेची पॉवर छापलेली असते. आतला निळा डायोड एकच असेल तर बाहेर येणारा प्रकाश पाच-साडेपाच वॅटच्या घरात असतो. दोन डायोडचे झोत एकत्र केले की दहाच्या आसपास, चार केले की वीस. हेडमध्ये डायोड किती आहेत ते शोधा, मीटरचा पल्ला त्यावरून ठरवा.

दिवली

मोबाईलवर प्रकाश मोजायची ॲप असतात, त्यांनी अंदाज येणार नाही का? निदान "कमी की जास्त" एवढा तरी?

कवडसा

@दिवली, नाही, आणि करूनही बघू नका. फोनचा प्रकाश-सेन्सर डोळ्याच्या संवेदनेनुसार लक्स मोजायला बनवलेला असतो, बोटाएवढ्या झोतातली पॉवर मोजायला नव्हे. वर कॅमेऱ्यात झोत गेला तर सेन्सरवर कायमचा डाग.

आरसेमहाल

तिरीप, तुमच्या ६१ चं उत्तर बहुधा हिरव्या रंगात नाहीच.

५३२ चे पॉइंटर बहुतकरून असे बनतात: ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड एका निओडिमियमच्या स्फटिकाला पंप करतो, त्यातून १०६४ निघतो, आणि केटीपी स्फटिक त्याची वारंवारता दुप्पट करून ५३२ देतो. प्रत्येक टप्प्यावर बरंच इन्फ्रारेड उरतं. शेवटी ते अडवणारा छोटा फिल्टर बसवायचा असतो. स्वस्त पॉइंटरमध्ये तो पुष्कळदा नसतोच.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये यावर एक टिपण काढलं होतं. १० मिलीवॅटचा म्हणून विकलेला एक पॉइंटर हिरवा अगदी मंद देत होता, पण त्यातून जवळजवळ २० मिलीवॅट इन्फ्रारेड बाहेर पडत होतं. पुढे २०१३ मध्ये त्याच संस्थेने १२२ पॉइंटर तपासल्याचं जाहीर केलं, तर हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालपैकी ४४ टक्के नियमात बसत नव्हते. डोळा इन्फ्रारेडला पापणी मिटत नाही, कारण दिसतच नाही. ते पडद्यापर्यंत पोचून जाळतं मात्र. मला या छंदात सगळ्यात जास्त धास्ती याचीच वाटते.

घरी तपासायचं तर झोत जुन्या सीडीवर तिरका पाडा. तिच्यावरच्या बारीक रेषा रंग वेगळे करतात. समोर पांढरा कागद धरा, आणि इन्फ्रारेड फिल्टर काढलेल्या वेबकॅमने कागदाकडे बघा. हिरव्या ठिपक्यांशिवाय आणखी ठिपके दिसले तर गळती आहे. चष्मा ५३२ आणि ८०८-१०६४ दोन्ही अडवणारा हवा. सीडीवरून झोत कुठेही उडतो, म्हणून चारी बाजूंनी पुठ्ठा लावा.

तिरीप

@आरसेमहाल, केलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात सीडी, बाजूच्या भोकातून वेबकॅम. नुसत्या डोळ्याने कागदावर दोन हिरवे ठिपके. कॅमेऱ्यात त्यांच्याबाहेर आणखी दोन, फिकट जांभळट पांढरे, हिरव्यापेक्षा मोठे आणि पसरट. पाहून अंगावर काटा आला.

मग उष्णता शोषणारी काच मिळवली, तीच जी प्रोजेक्टरमध्ये असते. ती मध्ये धरल्यावर फोटोडायोड मीटर ६१ वरून १५ वर आला. म्हणजे १५ हिरवा आणि ४६ इन्फ्रारेड असं धरू का?

कवडसा

दोन्ही आकडे दुरुस्त करावे लागतील.

काच थोडा हिरवाही खाते. तिच्या माहितीपत्रकात ५३२ ला किती टक्के पार जातं ते बघा. ८८ टक्के असेल तर १५ भागिले ०.८८, म्हणजे हिरवा १७.

आता उरलेले ४४. हे मिलीवॅट नव्हेत. मीटर ५३२ वर सेट आहे, म्हणून येणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन हिरव्या फोटॉनचाच असं तो समजतो. ८०८ ला त्याच डायोडची संवेदना बरीच जास्त, त्यामुळे ८०८ चा एक मिलीवॅट तिथे दीड-पावणेदोन मिलीवॅट म्हणून दिसतो. उलट १०६४ चा एक मिलीवॅट एकाहून कमी दिसेल. मिश्रण किती-किती आहे ते माहीत नसताना फोटोडायोडवरून खरा आकडा काढता येत नाही. हेच मोजमाप थर्मल सेन्सरवर काचेसकट आणि काचेविना करा, मग वजाबाकीला अर्थ आहे.

आणि इन्फ्रारेड बाजूला ठेवलं तरी १७ मिलीवॅट हिरवा हा ५ च्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. लेसरचे धोक्यानुसार वर्ग पाडलेले असतात: दृश्य, सतत झोताच्या लेसरला १ मिलीवॅटपर्यंत वर्ग २, ५ पर्यंत ३आर, ५०० पर्यंत ३बी आणि त्यापुढे वर्ग ४. तुमचा पॉइंटर ३बी मध्ये बसतो. हातात घेऊन फिरायची वस्तू नव्हे ती.

सोल्डरगंध

थर्मल सेन्सर विकतच घ्यावा लागतो असं नाही. मी गेली दोन वर्षं स्वतः बनवलेला वापरतो, आणि मिलीवॅटपासून अर्ध्या-एक वॅटपर्यंत त्याच्यावर माझा भरवसा आहे. कारण तो मी विजेने तपासू शकतो.

सेन्सर म्हणजे ३० मिलिमीटरची पेल्टिए पट्टी. वीज दिली की एक बाजू थंड करते ती. उलट वापरली, एका बाजूला उष्णता दिली, की व्होल्टेज देते. मागची बाजू जाड ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर थर्मल पेस्ट लावून घट्ट बसवली. पुढच्या बाजूला उष्णता सोसणारा मॅट काळा रंग, पातळ दोन हात. चकाकी अजिबात नको.

आता गंमत. पुढच्याच बाजूला, लेसर पडतो त्या जागेला लागून, १०० ओहमचे दोन चिप रेझिस्टर समांतर चिकटवले. मिळून ५० ओहम. ५ व्होल्ट दिले की ०.१ अँपिअर, म्हणजे बरोबर अर्धा वॅट उष्णता. मिनिटभर थांबायचं, मल्टिमीटर स्थिरावला की मिलिव्होल्ट टिपायचे. माझे ४१ आले, म्हणजे वॅटला ८२ मिलिव्होल्ट. मग रेझिस्टर बंद, शून्य यायची वाट बघायची, आणि लेसर लावायचा. ३.५ मिलिव्होल्ट आले तर ४३ मिलीवॅट.

व्होल्टेज रेझिस्टरच्या अगदी पायाशी मोजा, पुरवठ्याच्या टोकाशी नको, तारेत थोडे पडतात. आणि मल्टिमीटर ०.०१ मिलिव्होल्ट दाखवणारा हवा.

प्रकाशाच्या जागी माहीत असलेली वीज लावून ताडून बघायची ही युक्ती जुनी आहे. आंग्स्ट्रमने १८९३ मध्ये सूर्याच्या उष्णतेसाठी याच तत्त्वावर उपकरण केलं होतं.

आरसेमहाल

+१. फार सुरेख. पण दोन शंका. रेझिस्टरची काही उष्णता तारांतून आणि त्याच्या पाठीवरून हवेत जाते, ती पेल्टिएपर्यंत पोचत नाही. शिवाय काळा रंग लेसरचा सगळा प्रकाश गिळत नाही, काही टक्के परत फेकतो. हे कसं सांभाळता?

सोल्डरगंध

रास्त शंका. तारा केसासारख्या एनॅमलच्या वापरतो, रेझिस्टरवरही तोच काळा रंग देतो, आणि सगळं एका खोक्यात बंद. पुढे फक्त १२ मिलिमीटरचं भोक. तरी पाच टक्क्यांपर्यंत चूक धरूनच चालतो, आणि आकडा सांगताना ती चूक सोबत सांगतो. नामांकित कंपन्यांची थर्मल हेडंसुद्धा साधारण तीन टक्क्यांची हमी देतात, त्या मानाने हे वाईट नाही.

एक इशारा. पुष्कळ पेल्टिए पट्ट्यांमधलं डाख १३८ अंशांच्या आसपास वितळतं. पाच वॅटचा निळा लेसर फोकस करून मारलात तर त्या ठिकाणचा रंग क्षणात जळेल आणि पट्टीही जाईल. तिरीप, निळ्यासाठी ही वापरू नका.

काजवा

निळ्यासाठी मी सांगतो, कारण तिथे मी स्वतः नुकसान करून बसलोय.

प्रयोगशाळेतलं जुनं थर्मोपाइल हेड मिळालं होतं, १० वॅटचं, उत्तम स्थितीत. पहिल्याच दिवशी कोरीवकामाचं हेड त्याच्यासमोर धरलं, नेमकं फोकसच्या अंतरावर. टिक असा बारीक आवाज, धुराची एक रेघ, आणि लेपाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढा करडा ठिपका. हेड दहा वॅटचं, लेसर पाचचा, मग जळलं कसं? हिशोब नंतर मांडला. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यात ५ वॅट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ६४ किलोवॅट. साध्या लेपांची मर्यादा २० किलोवॅटच्या आसपास असते. तोच झोत पसरवून ५ मिलिमीटरचा केला की दर चौरस सेंटिमीटरला २५ वॅट. किलोवॅट नव्हे, वॅट. एवढा फरक!

म्हणून माहितीपत्रकात एकूण वॅटचा आकडा बघितलात तर त्याच्याशेजारचा "वॅट प्रति चौरस सेंटिमीटर" हाही बघा. आणि मोजताना सेन्सरचं हेड फोकसच्या बरंच पुढे ठेवा, ठिपका सेन्सरच्या साधारण निम्म्या व्यासाएवढा पसरू द्या.

जुनं हेड घेणाऱ्यांनी लेपाचा जवळून फोटो मागावा. करडे किंवा पांढरे ठिपके असतील तर तिथे प्रकाश कमी शोषला जातो, आणि झोत कुठे पडतो त्यावर आकडा बदलतो. दुसरं, कॅलिब्रेशन (किती व्होल्टेज म्हणजे किती वॅट ही जुळवणी) कुठे साठवलंय ते विचारा. उदाहरणार्थ ऑफिर कंपनीच्या हेडांत ते प्लगमध्येच असतं, त्यामुळे प्लग कापलेलं हेड मिळालं तर कॅलिब्रेशन गेलं म्हणून समजा. काही साध्या हेडांवर "इतके मिलिव्होल्ट प्रति वॅट" असं छापलेलं असतं. ती मल्टिमीटरलाही जोडता येतात.

खणखणीत

माझ्याकडे सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसर आहे, ४० वॅटची नळी. यातलं काय लागू पडेल?

वीजगाठ

सीओटूचा प्रकाश १०६०० नॅनोमीटरचा. सिलिकॉनला तो दिसतच नाही, म्हणजे फोटोडायोड बाद. थर्मोपाइल चालेल, पण पल्ला मोठा हवा आणि बहुधा पंखा किंवा पाणी लागेल.

नाहीतर ॲल्युमिनियमचा ठोकळा. १०० ग्रॅमच्या ठोकळ्याला एक अंश तापवायला जवळपास ९० ज्यूल लागतात. ४० वॅट ३० सेकंद मारलेत तर १२०० ज्यूल, म्हणजे साधारण १३ अंश वाढ. आधीचं आणि नंतरचं तापमान ठोकळ्यात खोवलेल्या थर्मोकपलने मोजायचं. पृष्ठभाग काळा ॲनोडाइझ केलेला किंवा रंगवलेलाच हवा. उघडं ॲल्युमिनियम या तरंगलांबीला आरसा आहे, आणि न दिसणारा झोत खोलीत कुठे जाईल सांगता येणार नाही. डायलवाले तयार प्रोब मिळतात तेही याच तत्त्वावर चालतात: ठरलेले सेकंद झोत द्या, काटा वाचा.

खणखणीत

समजलं, आभारी आहे. आणि १०६४ चा पल्सवाला फायबर लेसर?

वीजगाठ

थर्मोपाइल सरासरी पॉवर बरोबर सांगेल. पण एकेका पल्सची ऊर्जा बघा. २० वॅट, सेकंदाला २० हजार पल्स म्हणजे दर पल्सला १ मिलिज्यूल. तो १०० नॅनोसेकंदांत आला तर शिखर १० किलोवॅट. सरासरी मर्यादेत असूनही लेप उडू शकतो. अशा लेसरसाठी पल्स सोसणारा लेप असलेलंच हेड.

दिवली

फोटोडायोडवाल्यांना काहीच उपयोग नाही असं वाटायला लागलंय. माझ्याकडे तोच आहे.

कवडसा

असं मुळीच नाही. आरसे जुळवताना, हेलियम-निऑन लेसरची नळी गरम होताना पॉवर कशी झुलते ते बघताना, मायक्रोवॅट मोजताना फोटोडायोडसारखं दुसरं काही नाही. तो तत्काळ प्रतिसाद देतो. एकच शुद्ध तरंगलांबी आणि कमी पॉवर असेल तर खुशाल वापरा.

तो संपृक्त झालाय का, म्हणजे प्रकाश वाढला तरी आकडा त्या प्रमाणात वाढेनासा झालाय का, एवढं मात्र तपासत जा. प्रकाश निम्मा करणारा फिल्टर मध्ये घाला. आकडा बरोबर निम्मा झाला तर ठीक. निम्म्याहून बराच वर राहिला तर आधीचा आकडा खोटा होता, डायोड थकला होता. आणि कॅमेऱ्याचे काळे फिल्टर लावून मोजत असाल तर लक्षात ठेवा, त्यातले बरेचसे इन्फ्रारेड सर्रास आरपार सोडतात.

आरसेमहाल

तिरीप, मोजायला बसण्याआधी एक कळकळीची विनंती. सेन्सर हातात धरू नका, स्टँडला घट्ट बांधा. सेन्सरच्या पृष्ठभागावरूनही काही टक्के प्रकाश परत येतो. पाच वॅटचे तीन टक्के म्हणजे १५० मिलीवॅट. तो पसरलेला असला तरी चष्म्याशिवाय त्याच्याकडे बघायचं नाही. निळ्यासाठी चष्म्याची ऑप्टिकल डेन्सिटी (प्रकाश अडवायची क्षमता) ५ किंवा जास्त घ्या. ४ म्हणजे दहा हजारावा भाग, ५ वॅटचे अर्धा मिलीवॅट उरतात. ५ ला त्याचाही दहावा. चष्म्यावर तुमची तरंगलांबी छापलेली आहे ना ते वाचा. नुसता नारिंगी प्लास्टिकचा चष्मा नको.

तिरीप

तीन आठवड्यांनी परत येतोय. उशिराबद्दल क्षमस्व, पण मोजूनच लिहायचं ठरवलं होतं.

निळ्यासाठी काजवांनी सांगितल्याप्रमाणे जुनं १० वॅटचं थर्मोपाइल हेड घेतलं, लेपाचे फोटो मागवून. फोकसपासून लांब, ठिपका १० मिलिमीटर. चालू केल्यावर ४.७ वॅट, पाच मिनिटांनी ४.३. खोक्यावरचे ४० कुठे आणि हे कुठे! लेसर-हेडचा पंखा धुळीने भरला होता, तो साफ केल्यावर पाच मिनिटांनी ४.५.

लाल मॉड्यूल चालू होताना १७५ मिलीवॅट, गरम झाल्यावर १५०. एवढी घसरण होते हे मला माहीतच नव्हतं. आता आकडा लिहिताना "चालू केल्यापासून किती मिनिटांनी" हेही लिहितो.

हिरव्यासाठी सोल्डरगंध यांच्या पद्धतीने पेल्टिए बनवली. पहिल्यांदा आकडा सारखा सरकत होता, शेवटी कळलं की मी खोक्यावर वाकून वाचत होतो आणि माझ्या श्वासाची ऊब भोकातून आत जात होती. मल्टिमीटर हातभर लांब नेला आणि शून्य जागेवर आलं. काचेविना ४३ मिलीवॅट. काचेसकट १५, दुरुस्त करून १७. म्हणजे इन्फ्रारेड २६.

कवडसा

आणि फोटोडायोडवर ते २६ चे ४४ दिसत होते. म्हणजे मिलीवॅटमागे १.७. बहुतांश ८०८ च आहे, पंप डायोडचाच प्रकाश सरळ बाहेर येतोय. हिशोब जुळला.

सोल्डरगंध

रेझिस्टरने पुन्हा ताडून बघितलंत का, मोजून झाल्यावर? आधी आणि नंतर दोन्ही वेळा अर्धा वॅट देऊन बघावं.

तिरीप

हो. आधी ३९.६ मिलिव्होल्ट, नंतर ३९.४.

पॉइंटरच्या टोकाला त्या काचेचा तुकडा कापून बसवलाय, इपॉक्सीने. परत सीडीवर टाकून पाहिलं, बाहेरचे दोन ठिपके गेले. जुनं लेबल खरवडून काढलं आणि नवीन चिकटवलं: "हिरवा १५ मिलीवॅट, वर्ग ३बी, काच काढू नये", खाली मोजल्याची तारीख. बॅटरी बाहेर काढून वेगळ्या डबीत ठेवलीय, घरात लहान मूल आहे.